अर्ज वाचून माणूस पुढे जाणार की नाही हे कळतं का? (जुनी वही सापडली त्या निमित्ताने)

पाटीपेन्सिल
बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज टंकतेच. मी एका विभागात पीएचडीच्या प्रवेश समितीवर बरीच वर्षं आहे. सुरुवातीच्या काळात मला एक खोड होती, समितीचे अधिकृत गुण वेगळे आणि माझ्या वहीत माझी खूण वेगळी. चांदणी म्हणजे ‘हा नक्की नाव काढणार’, टिंब म्हणजे ‘ठीक’, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे ‘समितीने घेतलाय पण मला काही खरं वाटत नाही’. परवा कपाट आवरताना ती वही सापडली आणि मी वेड्यासारखी एकेक नाव शोधत बसले की हे लोक आता काय करतायत.
काय सांगू, लाज वाटली. सगळ्यात ठळक चांदणी जिला दिली होती (दोनदा गिरवलेली, म्हणजे मला किती खात्री असेल बघा) तिने दुसऱ्या वर्षी सोडलं. एका प्रश्नचिन्हवाल्याची आज स्वतःची लॅब आहे आणि त्याचे पेपर मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला देते. काही चांदण्या बरोबर निघाल्या, नाही असं नाही, पण तेवढी टिंबंही निघाली.
तर प्रश्न असा की मार्क, जीआरई (अमेरिकेतल्या उच्च शिक्षणाची प्रवेशपरीक्षा), शिफारसपत्रं, एसओपी (आपल्याला काय आणि का करायचंय ते सांगणारा निबंध), इंटरव्ह्यू या सगळ्यातून करिअरबद्दल खरंच काही कळतं का, की आपण दरवर्षी महिनाभर बसून नाणंच उडवतो फक्त जरा प्रतिष्ठेने? ज्यांना आकड्यांतलं कळतं त्यांनी सांगा. ज्यांनी अर्ज केलेत त्यांनीही सांगा.

आकडेमोड
ताई, वही जपून ठेवा, असा डेटा कोणी स्वतःहून ठेवत नाही :)
तुमचा प्रश्न पन्नास वर्षांहून जुना आहे. रॉबिन डॉज नावाचे मानसशास्त्रज्ञ ओरेगन विद्यापीठात होते, त्यांनी १९७१ मध्ये स्वतःच्याच विभागाच्या पीएचडी प्रवेशाचं पोस्टमॉर्टम केलं. समितीने अर्ज वाचून दिलेलं रेटिंग एकीकडे आणि काही वर्षांनी त्याच मुलांना प्राध्यापकांनी दिलेलं रेटिंग दुसरीकडे. कोरिलेशन (दोन गोष्टी किती जुळतात त्याचा आकडा, पूर्ण जुळल्या तर १) आलं ०.१९. म्हणजे शून्य नाही पण शून्याला शेजारी म्हणून चालेल. आणि जीआरई, पदवीचे मार्क आणि आधीच्या कॉलेजचा दर्जा या तीनच गोष्टी समान वजनाने नुसत्या बेरीज केल्या तर ०.४८. काही हुशारी नाही, नुसती बेरीज!
त्याहून गंमत म्हणजे समितीचे निर्णय बघून ‘समिती कसा विचार करते’ याचं एक सूत्र बनवलं तर ते सूत्र खुद्द समितीपेक्षा चांगलं भाकीत करतं. कारण सूत्राला सकाळचा अर्ज आणि संध्याकाळचा अर्ज यात फरक वाटत नाही, ते दमत नाही, आणि आपल्याच आवडत्या विषयावर कोणी लिहिलं म्हणून पाघळत नाही. मुळात पॉल मील यांनी १९५४ मध्येच तज्ज्ञाचा अंदाज विरुद्ध साधं सूत्र ही तुलना मांडली होती, तेव्हापासून तज्ज्ञ चिडलेलेच आहेत.

उंटावरचा_शहाणा
मग समिती कशाला पाहिजे? एक्सेलशीट करा, वरचे वीस घ्या, घरी जा. उगाच महिनाभर चहा पीत चर्चा.

सावकाश
थांबा जरा, एक्सेलवाल्यांनी आणि नाणंवाल्यांनी पण. दोघांचीही एकच चूक होतेय.
पाटीपेन्सिल यांच्या वहीत कोण आहे? ज्यांना *घेतलं* ते. ज्यांना नाकारलं त्यांचं पुढे काय झालं हे त्या वहीत नाही, आणि डॉज यांच्या आकड्यांतही फक्त घेतलेलेच होते. चाळणीतून एकसारख्या आकाराचे दाणेच खाली पडले आणि मग तुम्ही त्या दाण्यांकडे बघून म्हणालात की आकाराने काही फरकच पडत नाही, असं झालं हे. याला रेंज रिस्ट्रिक्शन म्हणतात.
पण त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे आणि ती डॉज यांनीच १९७५ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडली. कमी जीआरईवाला तुमच्याकडे आत कसा आला? त्याचं दुसरं काहीतरी जबरदस्त असणार, पत्र म्हणा, प्रोजेक्ट म्हणा. आणि ज्याचं बाकी सगळं बेतास बात होतं तो आला कारण मार्क तुफान होते. म्हणजे बाहेरच्या जगात मार्क आणि जिद्द एकमेकांबरोबर चालत असले तरी तुमच्या वर्गात ते एकमेकांच्या उलट दिसायला लागतात, आणि ही उलटापालट तुमच्या निवडीनेच तयार केलेली असते. जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये हॉस्पिटलमधल्या रुग्णांच्या बाबतीत हीच गफलत दाखवली होती. त्यामुळे ‘आमच्याकडे कमी स्कोअरवाले पण तितकेच चांगले निघाले’ यावरून स्कोअर निरुपयोगी ठरत नाही, तुम्ही कमी स्कोअरवाले नीट पारखून घेतलेत एवढंच कळतं.

पाटीपेन्सिल
अरे देवा. तो माझा लॅबवाला प्रश्नचिन्ह! आत्ता आठवलं, त्याचे मार्क खरंच यथातथा होते आणि समितीतले एक सर एका पत्रावर अडून बसले होते, म्हणाले हे पत्र लिहिणारा माणूस कोणाचं कौतुक करत नाही. मी वैतागून प्रश्नचिन्ह टाकलं होतं. म्हणजे चूक समितीची नव्हतीच, माझी होती.

मायक्रोस्कोप_ताई
पत्रांवरून आले. जीवशास्त्राकडच्या लोकांनी २०१७ साली ‘प्लॉस वन’ या संशोधनपत्रिकेत दोन पेपर काढले होते, आमच्या लॅबमध्ये तेव्हा खूप वादावादी झाली म्हणून लक्षात आहेत. एक व्हँडरबिल्टचा, ६८३ विद्यार्थी. जीआरईवरून पहिल्या सत्राचे ग्रेड थोडेफार ओळखता आले, पण डिग्री पूर्ण कोण करणार, किती वर्षांत, फर्स्ट ऑथर (पहिलं नाव आपलं असलेले) पेपर किती, यातलं काहीच नाही. दुसरा चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा, २८० विद्यार्थी. तिथे तर मार्क, जीआरई, आधीचा संशोधनाचा अनुभव, इंटरव्ह्यूचे गुण, कशाचाच पेपरांशी संबंध लागला नाही. लागला तो फक्त शिफारस करणाऱ्यांनी दिलेल्या रेटिंगचा.
मला हे पटतं. लॅबमध्ये सहा महिने प्रयोग फसत असताना माणूस कसा वागतो हे त्याच्या बाजूला बसलेल्यालाच माहीत असतं, परीक्षेला ते कुठून कळणार.

आकडेमोड
पटतं आणि नाही पण. तो २८० वालाही आत घेतलेल्यांचाच अभ्यास आहे, वर सावकाश यांनी लिहिलेलं सगळं तिथे लागू. दुसऱ्या बाजूला कुन्सेल वगैरेंचा २००१ चा मेटाअ‍ॅनालिसिस बघा, म्हणजे बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब, १,७५३ नमुने आणि ८२,६५९ विद्यार्थी. त्यात जीआरई आणि पदवीचे मार्क दोन्ही ग्रेडचं, क्वालिफाइंग परीक्षेचं, प्राध्यापकांच्या रेटिंगचं बऱ्यापैकी भाकीत करतात, आणि विषयाची वेगळी जीआरई सर्वसाधारण जीआरईपेक्षा चांगलं करते. पण डिग्री पुरी होईल का, किती वर्षं लागतील, इथे येईपर्यंत संबंध बारीक होत जातो.
माझ्या मते भांडण ‘कळतं की नाही’ याचं नाहीच. काय कळतं याचं आहे. परीक्षेवरून पुढची परीक्षा कळते. पीएचडीची पहिली दोन वर्षं परीक्षाच असते, त्यामुळे तिथपर्यंत सगळं छान जुळतं, आणि त्यानंतर खेळच बदलतो.

सावकाश
+१. फक्त एक भर. रेंज रिस्ट्रिक्शन हे जादूचं वाक्य करू नका, मीही कधीकधी करतो म्हणून सांगतोय. सॅकेट आणि मंडळींनी २०२२ मध्ये नोकरभरतीच्या जुन्या अभ्यासांबद्दल दाखवलं की त्यासाठीची दुरुस्ती (सगळेच आत आले असते तर संबंध किती निघाला असता याचा हिशेब) लोक सढळ हाताने करत आले आणि त्यामुळे बरेच आकडे फुगले होते. आणि फिजिक्सवाल्यांचं २०१९ चं भांडण तर आजही धुमसतंय: एका गटाने ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये म्हटलं की फिजिक्सच्या जीआरईवरून पीएचडी पुरी होणं कळत नाही, आणि पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात वाईसमन यांनी त्यांचं गणितच खोडून काढायला घेतलं.

रेफ_आणि_रफार
पत्रांबद्दल एवढं गोड बोलताय म्हणून राहवलं नाही. मी दरवर्षी पंधरा-वीस पत्रं लिहितो. ती कशी लिहिली जातात सांगू का? गेल्या वर्षीचं उघडायचं, नाव बदलायचं, ‘तो’ चं ‘ती’ करायचं (एकदा एका जागी राहिलं, मुलीला चौथ्या परिच्छेदात अचानक दाढीमिशा), आणि ‘मी पाहिलेल्या पहिल्या पाच टक्क्यांत’ असं ठोकून द्यायचं. माझ्या पहिल्या पाच टक्क्यांत निम्मा वर्ग बसतो. कारण मी खरं लिहिलं आणि शेजारच्याने फुगवून लिहिलं तर मरणार माझा विद्यार्थी.
पत्रातलं खरं कळतं ते न लिहिलेल्यातून. ‘अत्यंत मेहनती, वेळेवर येतो, सगळ्यांशी मिळून मिसळून राहतो’ म्हणजे डोक्याबद्दल मला काही सुचलं नाही. आणि हे वाचायची कला लिहिणाऱ्याला ओळखत असाल तरच चालते, म्हणजे ज्या मुलाच्या सरांना समितीतलं कोणी ओळखत नाही त्याचं पत्र कितीही खरं असलं तरी त्याला भाव नाही.

पाटीपेन्सिल
हे फारच खरं आहे आणि मला याचा त्रास होतो. ‘कोणाचं कौतुक न करणारा माणूस’ हे आमच्या सरांना माहीत होतं म्हणून तो मुलगा आत आला. नसतं माहीत तर?

उंटावरचा_शहाणा
बरं मग इंटरव्ह्यू? समोर बसवलं की दोन मिनिटांत कळतं मला तरी.

आकडेमोड
उंटावरून खाली उतरा राव :) ह्यूस्टनची गोष्ट ऐका. १९७९ साली तिथल्या मेडिकल स्कूलने इंटरव्ह्यू घेऊन १५० जणांची यादी लावली आणि मग राज्य सरकारने ऐनवेळी सांगितलं की ५० अजून घ्या, २०० करा. तोपर्यंत वरचे सगळे कुठे ना कुठे निघून गेलेले, त्यामुळे ८०० च्या यादीत अगदी तळाला, सातशेच्या पुढे असलेले घ्यावे लागले. समितीने ज्यांना सरळ नको म्हटलं होतं ते. पुढे दोन्ही गटांत सोडून जाण्यात, परीक्षांत, क्लिनिकल कामात फरक दिसला नाही. हा पेपर १९८७ ला ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला.
मला या सगळ्या धाग्यात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, कारण इथे नाकारलेल्यांचं काय झालं हे *कळलं*, आणि तेही कोणी प्रयोग म्हणून केला नव्हता. सावकाश यांचा जो आक्षेप आहे तो इथे बऱ्याच अंशी निकालात निघतो. अर्थात पहिली चाळणी सगळ्यांनाच लागली होती, इंटरव्ह्यूपर्यंत पोचलेले ते आठशेही काही कच्चे नव्हते.
आणि दोन मिनिटांत कळण्याबद्दल: २०१३ मध्ये डेना, डॉज (तेच ते) आणि पीटरसन यांचा प्रयोग आला. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांचे इंटरव्ह्यू घेऊन त्यांचे मार्क ओळखायचे. काही जणांना गुपचूप सांगितलं होतं की उत्तरं एका नियमाने रँडम द्या. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना पत्ताच लागला नाही, उलट आपल्याला माणूस छान समजला असं वाटलं. आणि फक्त जुने मार्क बघून केलेला अंदाज इंटरव्ह्यूनंतरच्या अंदाजापेक्षा बरा होता.

उंटावरचा_शहाणा
उतरलो.

कोडवाला
मोबाईलवरून लिहितोय, चुका समजून घ्या. मशीन लर्निंगचं कोणीच काढलं नाही अजून म्हणून सांगतो, टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनच्या कॉम्प्युटर सायन्स विभागाने २०१३ पासून ग्रेड नावाची सिस्टीम वापरली पीएचडीचे अर्ज चाळायला, २०२० मध्ये बंद केली. लोकांना वाटतं ती यश ओळखायची. नाही हो! ती जुन्या समित्यांनी काय निर्णय घेतले त्यावर शिकलेली, म्हणजे ती फक्त ‘समिती याला घेईल का’ एवढंच ओळखायची. समितीचे लाड, समितीचे पूर्वग्रह, सगळं त्यात आलं.
याचा आजोबा लंडनला होता, सेंट जॉर्जेस मेडिकल स्कूल. तिथल्या एका डॉक्टरने अर्ज चाळायचा प्रोग्रॅम लिहिला, १९८२ पर्यंत सगळी पहिली चाळणी तोच करायला लागला, आणि माणसांशी ९० ते ९५ टक्के जुळायचा म्हणून सगळे खूश. मग लक्षात आलं की युरोपीय नसलेल्या नावांचे आणि बायकांचे गुण तो कापतोय. १९८८ मध्ये कमिशन फॉर रेशियल इक्वालिटीने संस्थेला दोषी धरलं. आणि तो प्रोग्रॅम काही बिघडलेला नव्हता, माणसं जे करत होती तेच तो करत होता फक्त लिहून ठेवल्यामुळे पकडला गेला.
करिअरचं यश शिकवायचं तर वीस वर्षं थांबून डेटा गोळा करायला पाहिजे आणि तोपर्यंत विषयच बदललेला असतो.

परतीची_पावती
इतके दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते. मी तुमच्या त्या वहीत नसलेल्यांपैकी. दोन वर्षं सगळीकडून नकार. तिसऱ्या वर्षी एका ठिकाणी शेवटच्या क्षणी कोणीतरी जागा सोडली म्हणून घेतलं. आज मीही अर्ज वाचते.
मला कोणी विचारलं की तुझं बरं कशामुळे झालं तर मी प्रामाणिकपणे सांगेन, गाइड चांगली मिळाली. दुसरं कारण शोधायला गेले तर पोस्टडॉकला (पीएचडीनंतरच्या संशोधनाला) असताना ज्या विषयाला कोणी विचारत नव्हतं त्याला अचानक भाव आला. यातलं अर्जात काय होतं? काहीच नाही. माझ्याच बॅचची, माझ्याहून सरस मुलगी दुसऱ्या गाइडकडे गेली, त्यांनी तिसऱ्या वर्षी संस्था बदलली, ती मधल्यामध्ये लटकली आणि सोडून गेली. पाटीपेन्सिल, तुमच्या दोनदा गिरवलेल्या चांदणीचं काय झालं हे विचारलंत का कधी तिला?

पाटीपेन्सिल
नाही. आणि आता तुम्ही म्हणताय तर आठवतंय की त्या वर्षी तिची गाइडही रजेवर होती. उद्या मेल करते.

मायक्रोस्कोप_ताई
परतीची_पावती, दंडवत. नकाराबद्दल एक खरोखर छान काम आहे, २०१९ चं, वांग आणि जोन्स यांचं. अमेरिकेच्या एनआयएच या वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेच्या ग्रँटसाठी अर्ज केलेले तरुण शास्त्रज्ञ, काही काठावर पास, काही काठावर नापास. नापास झालेल्यांपैकी जे टिकले त्यांचे पुढच्या दहा वर्षांतले गाजलेले पेपर पासवाल्यांपेक्षा जास्त. पण ‘टिकले’ हा शब्द सोडू नका, दहा टक्क्यांहून जास्त लोक त्या एका नकाराने त्या व्यवस्थेतूनच बाहेर पडले. लेखकांनी हिशेब करून दाखवलं की नुसत्या गळतीने हा फरक समजावता येत नाही, तरी नकार औषधासारखा वाटायला नको म्हणून लिहिलं.

रेफ_आणि_रफार
टर्मन यांचं उदाहरण राहिलं. १९२१ साली कॅलिफोर्नियात बुद्ध्यांक मोजून हुशार मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा माग काढला. चाचणी देऊन निवडीत न बसलेल्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ होते. १९५६ आणि १९६८, दोघांनाही फिजिक्सचं नोबेल. निवडलेल्यांत एकही नोबेल नाही.

सावकाश
हे उदाहरण सगळे देतात पण यातून चाचणी वाईट एवढंच निघत नाही. नोबेल इतकं दुर्मीळ की कुठल्याही चाळणीतून ते निसटणारच, हजारभर मुलांत एक जरी मिळाला असता तरी नशीब म्हटलं असतं. तळातले ओळखणं आणि शिखरावरचे ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. कोण अडखळेल याचा थोडाफार अंदाज येतो. कोण इतिहास घडवेल याचा येत नाही, आणि समित्या नेमकं दुसरं काम केल्याच्या थाटात बोलतात.

बाकशून्य
माझा वेगळाच मुद्दा. ‘सोडलं’ म्हणजे अपयश हे कोणी ठरवलं? मी पीएचडी करून उद्योगात आलो, पेपर शून्य, माझ्या गाइडच्या यादीत मी बहुतेक टिंबसुद्धा नसेन. काम आवडतं, रात्री झोप लागते. अर्थशास्त्रवाल्यांचा २००७ चा एक अभ्यास आहे, अमेरिकेतले पाच नामवंत विभाग, हजाराहून जास्त विद्यार्थी, पहिल्या वर्षाच्या कोअर कोर्सचे ग्रेड आणि पुढे मिळालेली नोकरी यांचा संबंध लागला. पण तिथेही चांगली नोकरी म्हणजे काय, तर ज्या विभागाचं रँकिंग वर ती. सगळ्या भाकितांच्या मुळाशी कोणीतरी एकाने ठरवलेली पट्टी असते आणि ती पट्टी कायम पट्टी ठरवणाऱ्यासारखीच दिसते.

उंटावरचा_शहाणा
मग सरळ चिठ्ठ्या टाका ना. उपरोधाने नाही म्हणत या वेळी.

आकडेमोड
हसू नका, नेदरलँड्समध्ये मेडिकलला कित्येक वर्षं हेच होतं, वजनदार सोडत, मार्क जास्त तर चिठ्ठी निघायची शक्यता जास्त. आणि संशोधकांची चंगळ झाली, कारण सोडतीत हरलेले आणि जिंकलेले यांची तुलना प्रामाणिकपणे करता येते. पण लोकांना सहन होत नाही. नाकारलं तरी चालेल पण कोणीतरी माझा अर्ज वाचून नाकारा, असं माणसाला वाटतं.

परतीची_पावती
मला नाही वाटत. तीन वर्षांत एकाही नकारात कारण दिलं नव्हतं. चिठ्ठी निघाली नाही असं कळलं असतं तर मी निदान स्वतःला दोष दिला नसता.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे आभार, एवढं वाचून डोकं भणभणलंय. सोडत काही आमच्याकडे पास होणार नाही, मीच अजून तयार नाही खरं तर. पण या वर्षी दोन गोष्टी मी मागणार आहे. प्रत्येकाने एकमेकांशी बोलायच्या *आधी* गुण लिहून द्यायचे, आणि अंदाज कशाचा करतोय ते वेगळं लिहायचं, म्हणजे पहिल्या वर्षाच्या कोर्सचा वेगळा आणि संशोधनाचा वेगळा. आणि ज्यांना नाही म्हटलं त्यांची नावंही वहीत लिहिणार. दहा वर्षांनी शोधायला तीच लागतील.
चांदणीला मेल केली होती. उत्तर आलं, चांगलं लांबलचक. ती बरी आहे, दुसऱ्याच क्षेत्रात आहे. शेवटी तिने विचारलंय की तुम्ही माझ्या अर्जात असं काय बघितलं होतं, आणि मी दोन दिवस जुनी फाइल आठवतेय पण काय बघितलं होतं ते काही केल्या आठवत नाहीये.

सावकाश
तेच लिहून पाठवा तिला. आणि वहीत या वेळी खुणेच्या पुढे कारणही लिहा.